एक्स्चेंजच्या लाइव्ह स्ट्रीममधील प्रेक्षक-बक्षिसे: नवख्यांनी कोणती घ्यावीत, कशी घ्यावीत आणि कोणती सोडावीत

क्रिप्टो एक्स्चेंजच्या ॲपमध्ये लाइव्ह स्ट्रीम चालू असते, होस्ट बिटकॉइनच्या आलेखावर रेघा ओढून काहीतरी समजावून सांगत असतो आणि मध्येच पडद्याच्या कडेला एक लाल पाकीट उमटते. त्याच्याखाली उलटी मोजणी सुरू होते: वीस, एकोणीस, अठरा. चॅट इतक्या वेगाने वर सरकू लागते की त्यातले काहीच वाचता येत नाही. शून्य झाले की सगळे एकदमच त्या पाकिटावर बोट ठेवतात. पुढच्या क्षणी बहुतेकांना ‘पाकिटे संपली’ एवढीच ओळ दिसते आणि काहींच्या खात्यात ०.०४ यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेले क्रिप्टो नाणे) जमा होतात. क्रिप्टोशी अनेकांची पहिली ओळख आता याच वाटेने होते, आणि त्या पहिल्या चार पैशांच्या आनंदात पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. ते प्रश्न बक्षीस घेण्यापूर्वीच विचारता यावेत, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीला: पाकिटात पैसे कोण घालतो

बायनान्स, बायबिट, गेट यांसारख्या एक्स्चेंजनी आपल्या ॲपमध्येच लाइव्ह स्ट्रीमची सोय केली, तेव्हा प्रेक्षक टिकवून धरण्यासाठी त्यांनी एक जुनी कल्पना उचलली. चिनी नववर्षाला लाल पाकिटातून पैसे देण्याची पद्धत वीचॅटने जानेवारी २०१४ मध्ये मोबाइलवर आणली आणि तेथे पाकीट ‘पकडण्याचा’ खेळ कमालीचा लोकप्रिय झाला. एक्स्चेंजवरील रेड पॅकेट हे त्याचेच भावंड आहे. त्यातले पैसे तिघांपैकी कोणाचे तरी असतात. कधी ते एक्स्चेंजच्या जाहिरात खर्चातून येतात, कधी एखादा नवा क्रिप्टो प्रकल्प आपले टोकन, म्हणजे स्वतःचे नाणे, लोकांच्या खात्यांत पोहोचावे म्हणून ते देतो, तर कधी होस्ट स्वतःच्या खिशातून ते वाटतो.

होस्ट असे का करतो, हे नवख्याने नीट समजून घ्यायला हवे. त्याच्या रेफरल लिंकवरून खाते उघडणाऱ्या माणसाने केलेल्या प्रत्येक व्यवहाराच्या फीमधील काही हिस्सा होस्टला मिळतो. यात गैर काहीच नाही, मात्र तुम्ही जितके अधिक व्यवहार कराल, तितके त्याचे उत्पन्न वाढते, मग तुम्हाला नफा होवो की तोटा. टोकनचा प्रकल्प पैसे देत असेल, तर होस्टच्या बोलण्याकडेही त्याच दृष्टीने पाहावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने टीव्ही तारका किम कर्दाशियन यांच्यावर कारवाई केली, कारण एका टोकनची इन्स्टाग्रामवर भलामण करण्यासाठी मिळालेले अडीच लाख डॉलर त्यांनी जाहीर केले नव्हते. ते प्रकरण १२ लाख ६० हजार डॉलर भरून मिटले. म्हणून पाकिटावर कोणाचे नाव आहे, हे आधी पाहावे. ते नाव होस्ट ज्या टोकनचे कौतुक करतो आहे त्याचेच असेल, तर ते कौतुक जाहिरात म्हणूनच ऐकावे.

पहिली पायरी: खाते आणि त्याची कुलपे

एक्स्चेंजचे ॲप अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावे, कोणी चॅटमध्ये दिलेल्या दुव्यावरून ते कधीही उतरवू नये. बहुतेक ठिकाणी केवायसी पूर्ण झाल्याशिवाय बक्षीस जमा होत नाही, आणि ओळखपत्राची पडताळणी लगेच होतेच असे नाही, त्यामुळे स्ट्रीमच्या दिवशी घाई करण्यापेक्षा हे काम आधीच उरकावे. इतर कोठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा. टू-फॅक्टर सुरक्षेसाठी एसएमएसपेक्षा दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे, कारण सिमकार्डची नक्कल काढून एसएमएस पळवता येतात. अनेक एक्स्चेंजवर ‘अँटी-फिशिंग कोड’ नावाची सोय असते. तुम्ही ठरवलेला एक शब्द एक्स्चेंजच्या प्रत्येक खऱ्या ईमेलमध्ये छापून येतो आणि तो ज्या ईमेलमध्ये नाही ते खोटे समजायचे. ही सोय चालू करायला दोन मिनिटे पुरतात, आणि बक्षिसाच्या नावाने येणाऱ्या ईमेलपैकी खरे कोणते हे ओळखायला तिच्याइतका सोपा उपाय मला दुसरा माहीत नाही.

घरातील चौघांच्या नावाने चार खाती उघडून एकाच फोनवरून पाकिटे पकडण्याचा मोह टाळावा. एक्स्चेंज उपकरण आणि आयपी पत्ता तपासतात, आणि अशी खाती सापडली की बक्षीस तर जातेच, शिवाय खाते गोठते ते वेगळे.

काही देशांत ही बक्षिसे मुळात दिसतच नाहीत. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या जाहिरातींतील ‘मित्राला आणा’ प्रकारच्या बोनसला बंदी घातली. तुमच्या देशात एखादी मोहीम बंद असेल, तर व्हीपीएन लावून ती मिळवू नये, कारण पुढे पैसे काढताना ओळखपत्रावरचा पत्ता आणि वापराचे ठिकाण जुळत नाही, आणि अडकते ती तुमची स्वतःची रक्कम.

दुसरी पायरी: स्ट्रीम सुरू होण्यापूर्वी अटी वाचणे

मोहिमेचे चित्र आकर्षक असते आणि अटी त्याच्या खाली बारीक अक्षरांत असतात. मी अटींपासूनच वाचायला सुरुवात करतो आणि चार गोष्टी शोधतो: पात्र कोण, नेमकी कोणती कृती मोजली जाणार, बक्षीस कोणत्या रूपात मिळणार आणि ते कधी संपणार. ‘एकूण बक्षीस ५०,००० यूएसडीटी’ या मोठ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. एका माणसाला जास्तीत जास्त किती मिळेल आणि किती जणांना मिळेल, हे खालच्या ओळींत असते. वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, ती आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून फोनवर गजर लावून ठेवावा.

‘सहभागी व्हा’ असे बटण कोठे आहे, हेही याच वेळी शोधावे. याचा फटका मला स्वतःला बसला आहे. एका एक्स्चेंजवर सलग पाच दिवस रोज तीस मिनिटे लाइव्ह पाहिल्यास एक व्हाउचर मिळणार होते. मी पाचही दिवस नेमाने पाहिले, चॅटमध्ये भागही घेतला, आणि सहाव्या दिवशी माझ्या खात्यावर पाहण्याची वेळ ‘० मिनिटे’ दिसत होती. मोहिमेच्या पानावर नोंदणीचे बटण होते, ते दाबल्यानंतरचीच वेळ मोजली जात होती आणि मी ते दाबलेच नव्हते. अटींत ते स्पष्ट लिहिले होते, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नाही.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष स्ट्रीममध्ये

रेड पॅकेट दोन प्रकारचे असते. समान वाटपात हिशेब सरळ असतो: १०० यूएसडीटी आणि २०० पाकिटे असतील, तर प्रत्येकी ०.५ यूएसडीटी. यादृच्छिक वाटपात प्रत्येकाला वेगळी रक्कम मिळते. अशा वाटपाची नेहमी सांगितली जाणारी एक पद्धत अशी आहे: उरलेल्या रकमेला उरलेल्या पाकिटांनी भागून सरासरी काढायची, आणि पुढच्या माणसाला किमान रकमेपासून त्या सरासरीच्या दुपटीपर्यंत कोणतीही रक्कम द्यायची. १०० यूएसडीटी आणि ५० पाकिटे उरली असतील, तर सरासरी २ येते, म्हणून पुढच्याला ०.०१ ते ४ यांमधील काहीही मिळू शकते. या पद्धतीत पहिल्याची आणि शेवटच्याची अपेक्षित सरासरी सारखीच राहते, फक्त शेवटच्या पाकिटांत चढउतार जास्त असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पाकीट मिळवण्यासाठी वेग उपयोगी पडतो, पण मोठे पाकीट मिळवण्याची कोणतीही युक्ती नसते. ती युक्ती विकणारा माणूस फसवतो आहे.

वेगाच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. व्हिडिओ छोट्या छोट्या तुकड्यांत पोहोचतो, त्यामुळे होस्टचे बोलणे तुमच्या कानावर येईपर्यंत काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ गेलेला असतो. पाकिटाचे बटण मात्र ॲपला स्वतंत्र संदेशाने कळवले जात असल्याने ते होस्टच्या तोंडून घोषणा ऐकू येण्यापूर्वीच पडद्यावर येऊ शकते. म्हणून होस्टच्या आवाजाची वाट पाहू नये, पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवावे. स्ट्रीम पूर्ण पडदाभर केली की काही ॲपमध्ये ही बटणे झाकली जातात, तेही आधी पाहून घ्यावे. होस्ट जेव्हा तोंडी कोड सांगतो, तेव्हा या विलंबाचा फटका सगळ्यांनाच बसतो. कोड टंकताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत गल्लत होते, म्हणून शक्य असेल तेथे चॅटच्या माथ्यावर टाचलेला कोड तसाच कॉपी करावा.

पाहण्याच्या वेळेवर आधारित बक्षिसांत ॲप समोर उघडे असतानाचीच वेळ बहुधा मोजली जाते, फोन कुलूपबंद केला की मोजणी थांबते. प्रश्नमंजूषा असेल, तर उत्तरे त्याच स्ट्रीमच्या विषयातली असतात, आणि मला हा प्रकार सर्वांत चांगला वाटतो, कारण पाकीट हुकले तरी मार्जिन म्हणजे काय किंवा मर्यादा ऑर्डर कशी लावतात हे तरी कळलेले असते. किमतीचा अंदाज सांगण्याच्या स्पर्धेत फक्त चॅटमध्ये आकडा लिहायचा असेल, तर खुशाल लिहावा. त्या अंदाजावर पैसे लावायचे असतील, तर ते बक्षीस राहत नाही, ती पैज होते. होस्टला गिफ्ट पाठवून यादीत वर चढण्याच्या स्पर्धा नवख्यांनी पूर्णपणे सोडाव्यात, कारण तेथे आधी पैसे तुमच्याच खिशातून जातात.

चॅटमध्ये ‘यूआयडी लिहा’, म्हणजे एक्स्चेंजवरील तुमच्या खात्याचा क्रमांक लिहा, असे सांगितले जाते. केवळ यूआयडीवरून कोणी तुमच्या खात्यात शिरू शकत नाही, पण हा माणूस बक्षिसाची वाट पाहत आहे, हे त्यावरून सगळ्यांना कळते. त्याचा उपयोग कोण करतो, ते पुढे येईलच.

चौथी पायरी: जे मिळाले ते नेमके काय आहे

‘तुम्हाला २० यूएसडीटी मिळाले’ या एका वाक्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. रेड पॅकेटमधून आलेले टोकन सहसा खरोखर तुमचे असते. ते स्पॉट (थेट खरेदी-विक्रीच्या) किंवा फंडिंग वॉलेटमध्ये दिसते आणि विकता अथवा काढता येते. फीचे कूपन म्हणजे पैसे नव्हेत, तुम्ही पुढे व्यवहार केलात तर त्या फीमध्ये मिळणारी ती सूट आहे. तिसरा प्रकार फ्युचर्स (पुढच्या भावावर केलेले करार) बोनसचा, आणि गोंधळ सर्वांत जास्त येथेच होतो. हा बोनस सामान्यतः काढता येत नाही, तो केवळ मार्जिन म्हणून, म्हणजे व्यवहारासाठीचे तारण म्हणून, वापरता येतो, त्यातून नफा झालाच तर तेवढा नफा तुमचा होतो, आणि तुम्ही फ्युचर्स खात्यातून आपली रक्कम बाहेर हलवली की बहुधा बोनस रद्द होतो. जमा झालेली आणि काढता येणारी रक्कम यांतला फरक ओळखण्याची सोपी तपासणी अशी: ‘पैसे काढा’ हे पान उघडावे आणि तेथे उपलब्ध शिल्लक म्हणून काय दिसते ते पाहावे. तेथे शून्य असेल, तर तुमच्या हाती अजून काहीच आलेले नाही.

आता उलाढालीवरच्या बक्षिसाचा हिशेब. समजा, स्ट्रीम चालू असताना १०,००० यूएसडीटीची स्पॉट उलाढाल केल्यास १० यूएसडीटी मिळतील, अशी मोहीम आहे. तुमच्याकडे ५०० यूएसडीटी आहेत. ते लावून खरेदी केली आणि लगेच विक्री केली की उलाढाल १,००० होते, म्हणजे अशा दहा फेऱ्या लागतील. फी ०.१ टक्का धरली, तर १०,००० वर नेमके १० यूएसडीटी फीमध्येच जातात. शिवाय खरेदी आणि विक्रीच्या भावांतले अंतर दहा वेळा तुमच्या अंगावर पडते. म्हणजे संपूर्ण बक्षीस मिळूनही हाती तोटाच राहतो, आणि हे भाव जागच्या जागी राहिला असे गृहीत धरून. तो दहा फेऱ्यांच्या मध्येच घसरला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

हीच उलाढाल फ्युचर्समध्ये लीव्हरेज घेऊन, म्हणजे थोड्या तारणावर मोठा व्यवहार करून, लवकर पूर्ण करता येते, असे स्ट्रीममध्ये सुचवले जाते. वीसपट लीव्हरेजवर भाव सुमारे ५ टक्के विरुद्ध गेला की तुमचे मार्जिन जवळपास संपते, आणि पोझिशन (तुमचा चालू व्यवहार) त्याच्या थोडी आधीच सक्तीने बंद होते. बिटकॉइन एका दिवसात ५ टक्के हलणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. जो व्यवहार बक्षीस नसते तर आपण केला नसता, तो बक्षीस आहे म्हणून करू नये, हा नियम मी स्वतः पाळतो आणि नव्या माणसाला कळकळीने सांगतो. त्याने स्वतःचा वेळ द्यावा, लक्ष द्यावे, पण जमा असलेल्या पैशाला या कारणासाठी हात लावू नये.

पाचवी पायरी: मिळालेले काढून घेणे

छोट्या रकमांची अडचण अशी की प्रत्येक टोकनला पैसे काढण्याची किमान मर्यादा असते आणि वर नेटवर्कची फी लागते. एका बिटकॉइनमध्ये १० कोटी सातोशी असतात, आणि काहीशे सातोशींचे बक्षीस बाहेर काढायला गेल्यास फी त्याहून मोठी भरते. काही एक्स्चेंज अशी बारीकसारीक शिल्लक एकत्र करून एखाद्या मुख्य टोकनमध्ये बदलून देतात, ती सोय वापरावी. रक्कम पुरेशी साठली की पाठवताना नेटवर्क दोन्हीकडे एकच आहे ना, हे पाहावे. यूएसडीटी इथेरियमवरही चालते आणि ट्रॉनवरही, आणि चुकीचे नेटवर्क निवडले तर पैसे अडकतात, कधी कायमचे जातात. पहिल्यांदा थोडीशी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी, मग उरलेली पाठवावी.

बक्षिसे साठवण्याच्या नादात मोठी शिल्लक एक्स्चेंजवर पडून राहू देऊ नये. एफटीएक्स या एक्स्चेंजने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच्या आधीच ग्राहकांचे पैसे काढणे थांबले होते आणि पडद्यावर दिसणारे आकडे त्यांना हाती घेता येत नव्हते.

मिळालेल्या प्रत्येक बक्षिसाची तारीख, टोकन, संख्या आणि त्या दिवशीची किंमत एका वहीत नोंदवून ठेवावी. अनेक देशांत असे टोकन मिळाल्याच्या दिवसाच्या किमतीने उत्पन्न मानले जाते, आणि वर्षभराने शेकडो छोट्या नोंदी मागे जाऊन शोधणे फार कष्टाचे होते.

सहावी पायरी: खोटी स्ट्रीम ओळखणे

१५ जुलै २०२० रोजी ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडेन, इलॉन मस्क, बिल गेट्स यांच्या खऱ्या खात्यांवरून ‘बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत मिळवा’ असे संदेश निघाले. खाती हॅक झाली होती, आणि काही तासांत लोकांनी एक लाख डॉलरहून अधिक किमतीचे बिटकॉइन पाठवून दिले. त्याच महिन्यात ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी, त्यांचे चित्रण वापरून अशाच खोट्या स्ट्रीम चालवल्या जात असल्याबद्दल, यूट्यूबविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे आलेल्या तक्रारींनुसार ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ या काळात मस्क यांच्या तोतयांनाच लोकांनी वीस लाख डॉलरहून अधिक किमतीचे क्रिप्टो पाठवले होते.

अशी स्ट्रीम जवळून पाहिली की तिच्या खुणा दिसतात. एखाद्या जुन्या मुलाखतीचे चित्रण तेच ते फिरत असते. शेजारी क्यूआर कोड असतो, चॅट बंद असते किंवा त्यात फक्त ‘मला मिळाले, धन्यवाद’ असे संदेश एका लयीत येत असतात, आणि खाली ‘उरलेली रक्कम’ दाखवणारा आकडा सतत कमी होत असतो, तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून. आता चेहरा आणि आवाजही कृत्रिमरीत्या बनवता येतो, त्यामुळे ओळखीचा चेहरा दिसला हा पुरावा उरलेला नाही. खऱ्या बक्षिसात पैसे तुमच्याकडे येतात. ते मिळवण्यासाठी आधी काहीतरी पाठवा, ‘पडताळणी शुल्क’ भरा, ‘कर आगाऊ द्या’ असे सांगितले गेले की तेथेच थांबावे.

चॅटमधील यूआयडीचा आणि विजेत्यांच्या यादीचा उपयोग याच ठिकाणी होतो. तुमचे नाव जाहीर झाले की काही मिनिटांत टेलिग्रामवर होस्टचे छायाचित्र लावलेला कोणी तरी ‘अभिनंदन’ म्हणून लिहितो आणि एक दुवा देतो. त्या पानावर वॉलेट जोडायला किंवा बारा अथवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज टाकायला सांगतात. ते शब्द ज्याच्या हाती जातात, त्याच्या हाती संपूर्ण वॉलेट जाते. एक्स्चेंजला तुमच्या खात्यात बक्षीस जमा करायला त्या शब्दांची, ओटीपीची किंवा दूरवरून तुमचा पडदा पाहण्याची गरज कधीच नसते.

बक्षीस आलेच नाही तर

अटींत वाटपाची तारीख दिलेली असते, ती उलटेपर्यंत थांबावे, कारण पाहण्याच्या वेळेवरची आणि स्पर्धेची बक्षिसे बहुतेक वेळा मोहीम संपल्यावर तपासणी करून दिली जातात. नंतर ‘बक्षीस केंद्र’ किंवा ‘माझी व्हाउचर’ या विभागात पाहावे, कारण पुष्कळ बक्षिसे तेथे येऊन पडतात आणि ‘स्वीकारा’ दाबल्याशिवाय वॉलेटमध्ये जात नाहीत, शिवाय त्यांना मुदत असते. तेथेही नसेल, तर ॲपमधूनच मदत केंद्राशी संपर्क साधावा आणि यूआयडी, मोहिमेचे नाव, स्ट्रीमची वेळ आणि नोंदणी झाल्याचा स्क्रीनशॉट द्यावा. हा स्क्रीनशॉट स्ट्रीम संपल्यावर काढता येत नाही, म्हणून ‘सहभागी झालात’ ही ओळ पडद्यावर दिसताच तो काढून ठेवावा.